असईच्या लढाईसाठी टेबल तयार करत आहे: थर्मोकोल, काळी माती आणि गावाचे माप यांबाबत मार्गदर्शन हवे

पलटण१८०३

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघे मित्र गेली काही वर्षे १५ मिलिमीटर उंचीचे सैनिक रंगवून ऐतिहासिक लढायांचे खेळ खेळत आहोत आणि येत्या २३ सप्टेंबरला, म्हणजे लढाईच्या तारखेलाच, असईची लढाई (१८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलेस्ली आणि शिंदे-भोसले यांच्यात झालेली) टेबलावर मांडण्याचे आम्ही ठरवले आहे. सैनिक जवळजवळ तयार आहेत. वेलेस्लीच्या बाजूच्या ७४ व्या आणि ७८ व्या या दोन स्कॉटिश पलटणी, मद्रासच्या देशी पलटणी, १९ वे ड्रॅगून हे गोरे घोडदळ आणि मद्रासचे घोडदळ झाले आहे. समोर शिंद्यांच्या, त्यांच्या चाकरीतल्या पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हुकमाखालच्या कवायती पलटणी आणि त्यांचा तोफखाना झाला आहे, नागपूरकर भोसल्यांचे घोडदळ तेवढे अर्धे राहिले आहे. घोडे अडले आहे ते जमिनीपाशी. आजवर आम्ही हिरवी चादर अंथरून तिच्याखाली पुस्तके सरकवत टेकड्या करत आलो आणि त्यात कोणाची तक्रार नव्हती. पण असईची लढाई केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात झाली, आणि त्या नद्या नीट दाखवल्या नाहीत तर लढाई असईची राहणार नाही, असे आमचे मत झाले.

त्यानुसार पहिला प्रयत्न केला आणि दोन फजित्या पदरी पडल्या. स्टेशनरीच्या दुकानातून एक इंच जाडीचे थर्मोकोल आणले, गरम केलेल्या सुरीने नदीचे पात्र कोरले आणि अस्तर म्हणून त्यावर काळ्या रंगाचा स्प्रे मारला. अर्धा मिनिट काही झाले नाही. मग बारीक चरचर ऐकू येऊ लागली आणि पाहता पाहता केळणेच्या काठाला करंगळी जाईल एवढी भोके पडली. दुसरी फजिती भावनेच्या भरात झाली. एका मित्राच्या मामांचे शेत मराठवाड्यातच आहे, म्हणून तिथली खरी काळी माती डबाभर मागवली, ती फेव्हिकॉलमध्ये कालवून दुसऱ्या बोर्डावर लावली आणि पंख्याखाली वाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी तिला एप्रिलमधल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या आणि पातळ प्लायवूडचा तो बोर्ड धनुष्यासारखा वाकला होता.

आता विचारायचे ते असे. थर्मोकोल वापरायचे असेल तर अस्तर कशाचे द्यावे, की थर्मोकोलचा नादच सोडावा? काळी जमीन रंगात कशी उतरवावी, कारण काळा रंग दिला की रस्त्यावर डांबर ओतल्यासारखे दिसते? गावाचा आकार किती ठेवावा? आणि झाडे, घरे, भिंती बोर्डाला चिकटवून टाकाव्यात की सुट्या ठेवाव्यात, यावर आमच्यातच दोन पक्ष पडले आहेत. टेबल ६ फूट बाय ४ फूट आहे. घर फ्लॅटमधले असल्यामुळे खेळ संपल्यावर सगळे दिवाणाखाली गेले पाहिजे, ही घरच्यांची अट आहे.

मोजपट्टी

आपण रंगाचा प्रश्न आधी विचारला आहे, पण माझ्या मते आपली अडचण तिसऱ्या प्रश्नात, म्हणजे गावाच्या मापात आहे. तो सुटल्याशिवाय एकही बोर्ड कापू नये, असे मी सुचवेन.

आपले सैनिक १५ मिलिमीटरचे आहेत, म्हणजे माणूस साधारण शंभरपटीने लहान झाला आहे. जमीन मात्र शंभरपटीने लहान करता येत नाही, कारण तसे केले तर ६ फुटी टेबलावर जेमतेम १८० मीटर मावतील आणि त्यात एकच पलटण फळी धरून उभी राहील. लढाई मावायची असेल तर जमिनीला निराळे माप लावावे लागते. १ सेंटिमीटर म्हणजे २० मीटर धरले, तर आपल्या टेबलावर ३.६ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद प्रदेश येतो, आणि असईला तेवढा पुरतो. शिंद्यांची छावणी पश्चिमेला भोकरदनच्या दिशेने लांबवर पसरली होती, परंतु तिकडे मुख्यतः घोडदळ होते. खरी झुंज पूर्वेच्या टोकाला, दोन्ही नद्या एकमेकींजवळ येतात तिथे झाली. वेलेस्लीने केळणा पूर्वेकडून ओलांडली तेव्हा पोलमनने दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली आपली फळी काटकोनात पूर्वेकडे वळवली. तिची उजवी बाजू केळणेला आणि डावी असई गावाला टेकली होती, आणि लांबी सुमारे एक मैल होती. आपल्या टेबलावर हा एक मैल ८० सेंटिमीटरचा होतो. उरलेल्या ४० सेंटिमीटरमध्ये दोन नद्या आणि त्यांच्या पलीकडची थोडी जमीन बसवायची.

आता गाव घ्या. शंभरपटीच्या हिशेबाने ५ मीटरचे घर ५ सेंटिमीटरचे होते, पण जमिनीच्या मापाने तेच घर १०० मीटर जागा अडवते. असई गाव आपण ३०० मीटर रुंद धरले तर टेबलावर त्याला १५ सेंटिमीटर मिळतात आणि त्यात तीनच घरे मावतात. हे पाहून कोणालाही वाटते की गाव जरा मोठे करावे, देऊळ ठेवावे, पार ठेवावा, गढीला बुरूज द्यावा. माझ्या एका मित्राने तसेच केले होते आणि त्याचे गाव सहज ४० सेंटिमीटरचे झाले. दिसायला अप्रतिम होते. खेळात मात्र त्या गावाने दोन नद्यांमधली अर्धी जागा गिळली.

असईत नेमके काय बिघडले ते आठवून पाहा. वेलेस्लीची इच्छा गावापासून दूर राहण्याची होती. उजवीकडच्या पिकेटांचा, म्हणजे आघाडीच्या पहाऱ्याच्या तुकड्यांचा, प्रमुख लेफ्टनंट कर्नल ऑरॉक उजवीकडे फारच सरकत गेला, त्याच्यामागोमाग ७४ वी पलटण गेली, आणि दोघेही मातीच्या भिंतीमागच्या बंदुका आणि गावाजवळच्या तोफा यांच्या तोंडी सापडले. सुमारे ५०० जणांच्या त्या पलटणीतले जवळपास ४०० मेले किंवा जखमी झाले. आता गाव १५ सेंटिमीटरचे असेल तर त्याला वळसा घालायला ६५ सेंटिमीटर मोकळे राहतात, आणि तरीही एखादा खेळाडू उजवीकडे भरकटला तर ती त्याची चूक ठरते. गाव ४० सेंटिमीटरचे केले की त्याच्या पुढ्यातला तोफांच्या छर्‍यांचा पट्टाही, १५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ३०० मीटर, त्यात मिळवा. मग टेबलावर जायला दुसरी वाटच उरत नाही आणि ऑरॉकची चूक ही टेबलाने केलेली सक्ती होऊन बसते. सुताराच्या हौसेमुळे इतिहास बदलतो तो असा.

म्हणून गाव म्हणजे एक चपटा तुकडा करावा: १५ बाय १२ सेंटिमीटरचा, कडेने भिंत, मध्ये उचलता येतील अशी तीन घरे. सैनिक आत गेले की घरे बाजूला काढून ठेवायची. भिंतीची बाहेरची कड हीच गावाची हद्द, असे खेळ सुरू होण्यापूर्वी दोघांनी मान्य करावे. तुकड्याच्या कडेला झुडपांची नक्षी केली की हद्द नेमकी कुठे यावर अर्धा तास वाद होतो. हे मी स्वानुभवाने सांगतो, आणि त्या वादात मी हरलो होतो.

दोन मापे एकत्र नांदवण्यात कमीपणा काही नाही. कॅप्टन सायबॉर्नने १८३८ मध्ये वॉटर्लूची जी प्रचंड प्रतिकृती लोकांपुढे ठेवली, तिच्यात जमीन ९ फुटांस एक मैल या मापाने केलेली आहे. त्या हिशेबाने माणूस ३ मिलिमीटरचा व्हायला हवा, पण तिथले सैनिक सुमारे १० मिलिमीटरचे आहेत. आणि आपण लहानपणी दिवाळीत किल्ले केले, तेव्हा महादरवाजातून आत जाऊ न शकणारा मावळा कोणाला खटकला होता?

रंगकाम_रविवार

मोजपट्टी यांच्या म्हणण्याशी सहमत आहे. मी साहित्य आणि रंग यांबद्दल लिहितो.

स्प्रेच्या डब्यात रंग पातळ ठेवण्यासाठी जी द्रावके असतात ती पॉलिस्टायरीन विरघळवतात, आणि थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीनच. त्यामुळे जे झाले ते होणारच होते. चामड्यासाठी आणि रबरासाठी मिळणारी पिवळी, उग्र वासाची चिकटवणीही तेच करते. थर्मोकोलला पाण्यात विरघळणारी वस्तूच लावायची. मी दोन भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी आणि त्यात स्वस्त अ‍ॅक्रिलिक रंग असे मिश्रण करून दोन हात देतो. ते पूर्ण वाळल्यावर स्प्रे चालतो असे काही जण सांगतात, पण एखादे छिद्र उघडे राहिले तरी तिथून आत पोखरायला सुरुवात होते, म्हणून मी तो धोका पत्करत नाही.

तरीही थर्मोकोलचा नाद सोडा, असेच मी म्हणेन. ते दाण्यादाण्यांचे असते, कापताना भुगा होतो, तो स्थिर विजेमुळे अंगाला, रंगाला आणि मांजराला चिकटतो, आणि नदीचा काठ कितीही जपून कोरला तरी साबुदाण्यासारखा दिसतो. त्याऐवजी इमारतींच्या गच्चीवर उष्णतारोधक म्हणून वापरतात ते दाट, गुलाबी किंवा निळे एक्सपीएस बोर्ड मिळवा. तेही पॉलिस्टायरीनच असल्यामुळे स्प्रेचे पथ्य तेच राहते, परंतु ते कटरने लोण्यासारखे कापले जातात आणि त्यावर बोथट पेन्सिलीने विटांच्या रेघाही ओढता येतात. आपल्या टेबलासाठी ६० बाय ६० सेंटिमीटरचे सहा तुकडे पुरतील. २५ मिलिमीटर जाडी घेतली तर सहांची चळत १५ सेंटिमीटर उंच होते, म्हणजे दिवाणाची अट पाळली जाते. नदी कोरताना पात्र १२ ते १५ मिलिमीटर खोल घ्या आणि दोन बोर्ड जिथे मिळतात तिथे पात्राची रुंदी सारखीच ठेवा, म्हणजे बोर्ड अदलाबदल करून पुढे दुसऱ्या लढाईलाही वापरता येतील.

बोर्ड वाकण्याचे कारण असे की ओला थर एकाच बाजूने दिला होता. वाळताना तो आक्रसतो आणि पातळ प्लायवूडला आपल्याकडे ओढतो. मागच्या बाजूलाही तेवढाच फेव्हिकॉल-पाण्याचा हात दिला की ओढ दोन्हीकडून सारखी होते. काळ्या मातीचा दोष मात्र तिच्या स्वभावातच आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. शेतात उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्याच आपल्या बोर्डावर पडल्या. पोत देण्यासाठी बारीक चाळलेली वाळू घ्या आणि ती तव्यावर कोरडी भाजून घ्या. पावसाळ्यात हे काम करणार असाल तर भाजण्याचा कंटाळा करू नका. मी एकदा सुताराकडचा भुसा न भाजता गवत म्हणून लावला होता, आणि श्रावण संपेपर्यंत त्या टेकडीवर पांढरी, मऊ, खरीखुरी वनस्पती उगवली.

रंगाबद्दल. काळी जमीन काळ्या रंगाने रंगवायची नसते. लहान वस्तूवर पडणारा उजेड कमी असतो आणि आपण टेबलाकडे जणू दुरून पाहत असतो. दूरची वस्तू डोळ्याला नेहमी फिकट दिसते, म्हणून खऱ्या रंगापेक्षा दोन पायऱ्या फिकट जावे लागते. माझा क्रम असा आहे. पहिला हात बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात थोडा काळा मिसळून, पाण्याने जरा सैल करून, वाळूच्या फटीफटीत शिरेल असा द्यायचा. तो वाळल्यावर रॉ अंबरमध्ये थोडा पांढरा मिसळायचा, रुंद आणि जुना ब्रश त्यात बुडवून वर्तमानपत्रावर इतका पुसायचा की कागदावर जवळजवळ काहीच उमटू नये, आणि मग तो बोर्डावरून हलकेच फिरवायचा. वाळूचे फक्त माथे रंग पकडतात आणि जमीन एकदम उठून दिसते. शेवटी त्याच रंगात आणखी पांढरा घालून, मोजक्याच ठिकाणी, पायवाटांवर आणि नदीकाठच्या कडांवर एक पुसट फेर द्यायचा. तिसऱ्या फेराला हात आवरता घ्या, नाही तर जमिनीवर पिठी सांडल्यासारखी दिसते. घरातल्या ट्यूबलाइटखाली ठरवलेला रंग खेळाच्या खोलीत वेगळा दिसू शकतो, त्यामुळे आधी एका टाकाऊ तुकड्यावर करून तो तुकडा त्याच टेबलावर ठेवून पाहा आणि एक रंगवलेला सैनिक त्यावर उभा करा. सैनिकांच्या बेसला जो रंग आहे तोच बोर्डाचा असावा. बोर्ड सुंदर, सैनिक सुंदर, पण प्रत्येक पलटण पिवळ्या वाळूच्या बेटावर उभी, असे टेबल मी पाहिले आहे.

पाण्यासाठी इपॉक्सी ओतणार असाल तर एका वेळी २-३ मिलिमीटरच ओता. जाड थर घट्ट होताना तापतो आणि खालचा फोम वेडावाकडा करतो. फेव्हिकॉलचे थर देऊन पाणी करणे स्वस्त पडते, पण दमट हवेत ते पुन्हा दुधाळ होते. पात्र मातकट तपकिरी रंगवून त्यावर चकचकीत वॉर्निशचे चार-पाच हात देणे, हा मला सर्वांत बिनधोक मार्ग वाटतो.

गालिचावाला

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु मी विरुद्ध बाजूने बोलतो.

सहा बोर्ड, त्यांचे सांधे, कोपऱ्यांना बसणारे धक्के, आणि तीन खेळांनंतर फोमला पडलेली भोके यांचा अनुभव घेऊन मी जाड कॅनव्हासकडे वळलो. भिंतींच्या भेगा बुजवण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे अ‍ॅक्रिलिक सीलंट घ्यावे, त्यात तपकिरी रंग आणि चाळलेली वाळू मिसळून कॅनव्हासवर पत्र्याने पातळ थापावे, ओले असतानाच त्यावर रंगवलेला भुसा भुरभुरवावा. वाळल्यावर हा थर रबरासारखा लवचीक राहतो, त्यामुळे अख्खे रणांगण चटईसारखे गुंडाळून कपाटामागे उभे करता येते. नद्या याच पद्धतीने केलेल्या सुट्या पट्ट्या म्हणून वरून ठेवायच्या. काठ खोल दिसत नाहीत, हे मान्य. पण काठाची खोली नियमात असते. टेबलावर ती दिसलीच पाहिजे असे नाही. नदी ओलांडताना पलटणीची घडी मोडते आणि तोफा उतार सोडून कुठेही पार होत नाहीत, एवढे दोन नियम लिहिले की माझी सपाट केळणा तुमच्या खोल केळणेइतकीच कठीण होते.

उताराचेच पाहा. मराठीत या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि टेबलावर दोन्ही त्रास देतात. टेकडीचा उतार नैसर्गिक दिसावा म्हणून गुळगुळीत केला की शिशाचे सैनिक घसरतात. १ सेंटिमीटर चढायला निदान ६ सेंटिमीटर लांबी द्यावी किंवा सरळ पायऱ्या ठेवाव्यात. आणि नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडण्याची जागा, हा असईतला कळीचा मुद्दा आहे. वाटाड्यांनी नदीला उतारच नाही असे सांगितले होते. वेलेस्लीला पिंपळगाव आणि वरूर ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली आणि त्यावरून त्याने ताडले की लोकांची ये-जा असणार, म्हणजे उतार असणार. आता आपण कोरलेल्या बोर्डावर उतार कसा दाखवाल? तो रंगवून दाखवला तर वेलेस्ली खेळणाऱ्याला काही ताडायचे शिल्लकच राहत नाही. सुट्या पट्ट्यांवर मात्र तीन सारख्या दिसणाऱ्या जागा करता येतात आणि त्यांतली खरी कोणती हे पंचाने चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवता येते.

गवत-झाडांच्या बाबतीतही माझे तेच मत आहे. बोर्डाला चिकटवलेले झाड पहिल्या संध्याकाळी छान दिसते आणि दुसऱ्या संध्याकाळी कोणाच्या तरी कोपराला लागून मोडते.

मोजपट्टी

सपाट नदीबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. नियम लिहिलेला असला तरी खेळाडू डोळ्यांनी खेळतो. निळी-तपकिरी पट्टी पाहून माणूस आपली पलटण सहज तिच्यावर ठेवतो आणि मग कोणीतरी नियमावली उघडते. खोल पात्र असेल तर हात आपोआप थबकतो. बारकावे घालायचे असतील तर ते या दोन नद्यांच्या काठांवर घाला आणि बाकीचा प्रदेश खुशाल चटईसारखा सपाट ठेवा. उताराच्या चिठ्ठीची कल्पना मात्र मी उचलणार आहे.

आणखी एक सूचना अशी की तोफा बोर्डाला किंवा पट्टीला कधीही चिकटवू नयेत, पण तोफांची रांग जिथे होती ती जागा खुणेने दाखवावी. वेलेस्लीची फळी तोफांवरून पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठमोऱ्या फळीवर पुन्हा मारा सुरू केला. रिकाम्या झालेल्या तोफा टेबलावरून लगेच उचलून टाकण्याची सवय असेल, तर ही घटना खेळात घडूच शकत नाही.

केळणाकाठ

नमस्कार. मी युद्धखेळ खेळत नाही. धाकटा भाऊ खेळतो आणि त्याने हा धागा दाखवला. आमचे गाव भोकरदन तालुक्यातच आहे, म्हणून जमिनीबद्दल चार गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

पहिली गोष्ट तारखेची. आपण सर्व जण काळ्या-तपकिरी जमिनीबद्दल लिहीत आहात, पण २३ सप्टेंबरला आमच्याकडे उघडी जमीन फारशी दिसतच नाही. पावसाळा सरत आलेला असतो, बांध हिरवेगार असतात, खरिपाची ज्वारी-बाजरी उभी असते आणि बाजरीची कणसे तपकिरी होऊ लागलेली असतात. काळी दिसते ती पायवाटांवर, नदीच्या दरडीत आणि गुरांच्या वाटेवर. भावाने नेटवर शोधलेल्या परदेशी खेळाडूंच्या फोटोंत असईचे रणांगण राजस्थानसारखे पिवळे होते, त्याचे आम्हा दोघांना हसू आले. आजचे फोटो पाहून रंगवणार असाल तर मका आणि सोयाबीन मात्र वगळा. सोयाबीन आमच्याकडे आले ते कालपरवा.

उभ्या पिकासाठी भावाने काथ्याचे पायपुसणे वापरले आहे. ते कटरने चौकोनी तुकड्यांत कापले, बुडाकडून हिरवा आणि टोकांना तपकिरी रंग दिला, की बाजरीचे वावर झाले. आईचे दारातले पायपुसणे गेले, त्याची भरपाई त्याने केली.

दुसरी गोष्ट भिंतींच्या रंगाची. जुन्या गावाची जागा ती पांढरी आणि शेतीची ती काळी, ही जोडी आपण ऐकली असेलच. घराच्या आणि गढीच्या भिंतींना काळी माती चालत नाही, कारण ती फाटते. तिथे पांढरी मातीच लागते. म्हणून गावाची भिंत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा स्पष्ट फिकट, राखाडीकडे झुकणारी रंगवावी. पावसाळ्याच्या शेवटी तिच्या वरच्या काठावर हिरवट काळसर ओघळ असतात आणि पायथ्याशी चिखलाचे शिंतोडे उडून हातभर उंचीचा गडद पट्टा झालेला असतो. हे दोन रंग दिले की भिंत खरी वाटेल. घरांना उतरती कौले देऊ नका. आमच्याकडची जुनी घरे माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याची, आणि धाब्यावर पावसाळ्यात गवत उगवतेच. बाजारात हिंदुस्थानी घर म्हणून जी घुमट-कमानींची घरे मिळतात ती असईत शोभणार नाहीत.

तिसरी गोष्ट झाडांची. बाभूळ, कडुनिंब, चिंच, वड, आंबा एवढी पुरे आहेत. गुलमोहर मादागास्करचा, तो आपल्याकडे आला त्याच १९ व्या शतकात पण या लढाईनंतर; वेडी बाभूळ आणि सुबाभूळ त्याहूनही अलीकडच्या. बाभळीचा आकार छत्रीसारखा वरून चपटा करा. भाऊ तांब्याच्या तारा पिळून खोड करतो आणि वर वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे लावतो; ते हिरव्या रंगात बुडवून झटकले की पालवी हुबेहूब विरळ दिसते. बुडाला लोखंडी वायसर चिकटवल्यामुळे झाड सुटे असूनही पडत नाही.

पलटण१८०३

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे, कारण मधल्या काळात हात रंगलेले होते.

आम्ही दोन्ही पक्षांचे थोडे थोडे ऐकले. जुई आणि केळणा यांच्यासाठी एक्सपीएसचे सहा बोर्ड केले आणि त्यांत पात्रे कोरली. पण बोर्डांवर शेते, झाडे, गाव काहीच चिकटवले नाही. केळणाकाठ यांचे उत्तर येण्यापूर्वी चार बोर्ड पूर्ण तपकिरी रंगवून झाले होते, ते तसेच ठेवले आणि त्यावर हिरवा भुसा इतक्या सढळ हाताने टाकला की आता तपकिरी फक्त वाटांवर आणि दरडींवर दिसतो. खरे म्हणजे खाली तो रंग असल्यामुळेच हिरवा कृत्रिम वाटत नाही. उरलेली खरी काळी माती वाया जाऊ दिली नाही. दिवाळीच्या किल्ल्याला गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर टाकतो तसे सुती कापड तिच्यात आणि फेव्हिकॉलमध्ये भिजवून दरडींवर लावले. भेगा पडल्याच, पण कोसळलेल्या काठावर त्या शोभून दिसल्या.

गाव १६ बाय १२ सेंटिमीटरचे झाले. चौथ्या घराचा मोह आवरला नव्हता. ते घर सध्या माझ्या संगणकाशेजारी ठेवले आहे. भिंत आधी पांढरट राखाडी केली आणि मग काळ्या शाईत भरपूर पाणी घालून वरून ओघळू दिली.

गेल्या शनिवारी तालीम म्हणून अर्धाच खेळ खेळलो. उताराच्या तीन जागा होत्या, खरी जागा पंचाच्या खिशात होती आणि वेलेस्ली खेळणारा मित्र पिंपळगाव-वरूरकडे न जाता मधल्या जागेवर घोडदळ घेऊन गेला. तिथे उतार नव्हता. त्याचे म्हणणे असे की मधल्या जागेजवळ मी चिंचेची दोन झाडे सुटी ठेवली होती आणि ती त्याला काठावरच्या वस्तीची खूण वाटली. झाडे मी केवळ कोपरा रिकामा दिसतो म्हणून ठेवली होती. २३ तारखेला ती तिथे ठेवायची की नाही, यावर आम्हा चौघांत पुन्हा दोन पक्ष पडले आहेत.